घरकाम, घरची माणसं आणि अपंगत्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. डाव्या पायाला मांडीपासून कॅलिपर, म्हणजे पाय सरळ धरणारा आधार, आहे. घरात एक कुबडी घेते, बाहेर दोन. लग्नाला 24 वर्षं झाली, एकत्र कुटुंबात राहते. पोलिओ, अपघात, पॅरालिसिस, संधिवात असलेल्या बायकांचे आणि हल्ली पुरुषांचेही मला फोन येतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. शरीराबद्दल लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांना विचारून मगच करा.

सून म्हणून घरातलं सगळं काम मला आलंच पाहिजे का?

येणं वेगळं आणि रोज करणं वेगळं. मला पुरणपोळी येते, पण म्हणून वीस माणसांच्या पुरणपोळ्या मी करायच्या असा त्याचा अर्थ होत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या गौरींना मी पहाटे चारला ओट्याशी उभी राहिले. सोळा भाज्या, पुरण, वडे, सगळं केलं. कुणी सांगितलं नव्हतं. 'पायाने अधू आहे, पण कामाला वाघीण आहे' हे मला पाहुण्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि ऐकायला मिळालंही. पुढचे चार दिवस मी अंथरुणात होते. चांगला पाय घोट्यापासून सुजला होता. पुढच्या वर्षी मी 'या वेळी जमणार नाही' म्हटलं, तर उत्तर आलं, "अगं, मागच्या वर्षी केलंस की!"

ही गोष्ट मी प्रत्येकीला सांगते. दुखणं लपवून केलेलं काम घरच्यांच्या लेखी तुमचं नेहमीचं माप होऊन बसतं. त्यांना दुखणं दिसलेलंच नसतं, त्यामुळे त्यांना दोष तरी कसा द्यायचा? म्हणून पहिल्या दिवसापासून जेवढं झेपेल तेवढंच करा, आणि बाकीचं राहू द्या.

'काम केल्यानेच हातपाय चालते राहतात' असं सगळे म्हणतात. ते खरं नाही का?

अर्धं खरं आहे. हालचाल हवीच. पण पोलिओ झालेल्यांना एक गोष्ट माहीत असायलाच हवी. पोलिओत स्नायूंना हुकूम देणाऱ्या काही चेतापेशी मरतात. उरलेल्या पेशी नवे फाटे फोडतात आणि मेलेल्यांच्या वाट्याचे स्नायूही सांभाळतात. लहानपणी पाय 'थोडा सुधारला' म्हणतात तो यामुळे. पण एकेक पेशी कित्येक वर्षं दुप्पट-तिप्पट ओझं ओढत असते. 15 ते 40 वर्षांनी त्यातल्या काही थकतात. नवा अशक्तपणा येतो, सांधे दुखतात, थंडी सोसत नाही, वाटेल तेव्हा गळून गेल्यासारखं होतं. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. अशा वेळी ताणून काम केलं तर बळ वाढत नाही, उलट कमी होतं.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळला आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. आनंदाचीच गोष्ट आहे. पण आम्ही चाळिशी-पन्नाशीतले लोक अजून आहोत, आणि तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी पोलिओचा पाय फारसा पाहिलेला नसतो. पुनर्वसनाचे डॉक्टर शोधा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन असा विभाग असतो. मुंबईत हाजी अलीला याच कामासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था आहे.

साधी खूण सांगते. कामानंतरचा थकवा रात्रीच्या झोपेने गेला तर ठीक. दुसऱ्या सकाळीही तसाच असेल, तर आदल्या दिवशीचं काम जास्त झालं.

मग दिवसाचं काम कसं बेतायचं?

आमच्या गावात नळाला सकाळी तासभर पाणी येतं. टाकी भरली की दिवसभर तेवढ्यातच भागवायचं. सकाळीच अंगण धुतलं तर संध्याकाळी भांड्यांना पाणी नाही. अंगातल्या शक्तीचंही मी तसंच धरते.

आठ दिवस वहीत लिहा: कुठलं काम, किती वेळ, उभं राहून की बसून, आणि नंतर दुखलं का. माझ्या वहीतून कळलं की मला पोळ्या दमवतच नव्हत्या. दमवत होत्या त्या ओटा ते फ्रिज या पंधरा-वीस फेऱ्या. फ्रिजच ओट्याशेजारी आणला आणि अर्धी तक्रार संपली. वही नसती तर मी पोळ्यांना बाई लावून बसले असते.

अवघड काम दुखायला लागण्याआधीच थांबवायचं. कणीक मळली की दहा मिनिटं बसायचं, मग लाटायला घ्यायचं. लसूण सोलणं, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, ही कामं बसूनच करायची, तीही हाताला टेकू असलेल्या खुर्चीत.

ओटा कसा असावा?

यावर मी तासभर बोलू शकते. आपल्याकडचा ओटा साधारण 32 ते 34 इंच उंच असतो, म्हणजे उभं राहणाऱ्या बाईसाठी. कुबडी किंवा कॅलिपरवाल्यांनी तो तोडायची गरज नाही. 24 इंच उंचीचं भक्कम, पाठ असलेलं, चाकं नसलेलं स्टूल घ्या. कोपर ओट्याच्या पातळीला येतं आणि लाटताना खांदे उचलावे लागत नाहीत. मी सुताराकडून ओट्याखालची एक ट्रॉली काढून घेतली. आता कॅलिपरचं लॉक न उघडता सरळ पाय त्या मोकळ्या जागेत जातो. खर्च फक्त त्याच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा.

व्हीलचेअर असेल तर ओटा 30-31 इंचांवर हवा आणि खाली गुडघे जातील एवढी, साधारण 27 इंच उंच मोकळी जागा हवी. संपूर्ण ओटा बदलणं परवडत नसेल तर एका भिंतीला तेवढ्या उंचीचं टेबल लावून त्यावर इंडक्शन शेगडी ठेवा. बहुतेक स्वयंपाक तिथे होतो.

आणि ज्यांना उभंच राहता येत नाही, पण जमिनीवर बसून सरकता येतं, त्यांनी खालीच स्वयंपाक करावा, यात कमीपणा मानू नये. माझ्या एका आत्याचे दोन्ही पाय पोलिओने गेलेले. तिच्या जुन्या घरात चूल, विळी, पाटा, पाण्याची कळशी, सगळं जमिनीवर. ती बसल्या जागेवरून घर चालवायची. मुलाने हौसेने ओट्याचं स्वयंपाकघर बांधलं आणि आत्या एका दिवसात परावलंबी झाली. उठून उभं राहणं हीच प्रगती असं धरून आपण घरं बांधतो, याचं मला फार वाईट वाटतं. शेवटी त्याच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिच्यासाठी सहा इंच उंचीचा कट्टा आणि खाली एक नळ काढला. ती जाईपर्यंत तिथेच बसून आमटीला फोडणी देत होती.

दोन्ही हातांत कुबड्या असताना चहाचा कप न्यायचा कसा?

न्यायचाच नाही. चहा थर्मासमध्ये भरा, थर्मास गळ्यातल्या झोळीत, आणि कप जिथे प्यायचे तिथेच ठेवलेले. किंवा चाकांची ट्रॉली ढकला, पण ती जड आणि रुंद हवी. हलकी ट्रॉली अंगाखालून निसटते.

भरलेलं भांडं उचलण्याऐवजी रिकामं भांडं शेगडीवर ठेवून तांब्याने पाणी घाला. भांडी ओट्यावरून सरकवत न्या. बटाटे जाळीच्या भांड्यात उकडा, म्हणजे गरम पाणी ओतायचा प्रश्नच येत नाही. पाच लिटरच्या एका कुकरऐवजी तीन लिटरचे दोन ठेवा. पोळपाटाखाली ओलं फडकं घातलं की एका हाताने लाटतानाही तो फिरत नाही. पॅरालिसिसमुळे एकच हात चालणाऱ्यांनी लाकडी पाटावर खालून दोन स्टीलचे खिळे ठोकून घ्यावेत. कांदा त्यावर रोवायचा आणि एका हाताने चिरायचा.

पडायची फार भीती वाटते.

वाटायलाच हवी. पोलिओच्या पायाचं हाड वापराअभावी बारीक आणि ठिसूळ असतं. ते मोडलं की महिने जातात. आपल्या घरात सगळ्यात मोठा धोका ओल्या लादीचा. कुबडीचं रबर ओल्या फरशीवर साबणासारखं सरकतं. आमच्या घरी नियम आहे: मी ज्या खोलीत आहे ती खोली पुसायची नाही, आणि पुसलेल्या खोलीत पंखा लावल्याशिवाय मला हाक मारायची नाही. कुबडीचं रबर झिजून खालच्या रेघा दिसेनाशा झाल्या की त्याच दिवशी बदला. मोरीत आणि संडासात भिंतीला स्टीलचे दांडे लावून घ्या, तेही विटेत पक्के बसवलेले. नुसत्या टाइलवर चिकटवलेला दांडा अंगाचा भार घेत नाही.

'मला मदत करा' असं कितीदा सांगितलं. दोन दिवस करतात, मग येरे माझ्या मागल्या.

कारण 'मदत' या शब्दातच काम तुमचं आहे हे मान्य केलेलं असतं. ते तुमच्यावर उपकार करतात, आणि उपकार कुणी रोज करत नाही. मी तो शब्द सोडला, आमच्या घरात बदल व्हायला तिथून सुरुवात झाली.

एका रविवारी जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवलं. घरातली कामं मोठ्याने वाचून दाखवली. पाणी भरणं, दूध तापवणं, केर, लादी, कपडे वाळत घालणं, दळण आणणं, देवपूजा, औषधं आणणं. चाळीसहून जास्त निघाली. त्यातली अर्धी कामं असतात हेच पुरुषांना ठाऊक नव्हतं. मग विचारलं, "यातलं कुठलं कोण घेणार?" मीही माझी निवडली: पोळ्या, भाजी, हिशेब, मुलांचा अभ्यास, किराण्याची यादी. ज्याने घेतलं त्याचं ते काम. त्याला आठवण करून देणं हे माझं काम नाही. लादी पुसायची राहिली तर राहिली.

पहिला महिना घर विस्कटलेलं होतं आणि मी ते बघत बसले. माझ्यासाठी ते कुठल्याही कामापेक्षा अवघड होतं.

बोलताना वाक्यं छोटी आणि नेमकी ठेवा. 'माझ्याकडे कुणी बघतच नाही' म्हटलं की भांडण होतं. 'संध्याकाळी सातनंतर मी उभी राहू शकत नाही, रात्रीची भांडी कोण घासणार?' याला उत्तर द्यावं लागतं.

मी सासू आहे, वय 68. सुनेला अपघातानंतर उभं राहता येत नाही. माझेही गुडघे गेलेत. सगळे मलाच समजून घ्यायला सांगतात.

तुमची तक्रार रास्त आहे. चाळीस वर्षं राबल्यावर आता सुनेच्या हातचं खायचं, ही अपेक्षा ठेवण्यात चूक नव्हती. पण तुम्ही दोघी एकमेकींकडे बघता आहात आणि घरातले धडधाकट पुरुष सुटताहेत. तुमचा मुलगा सकाळची कणीक मळू शकतो का, हा प्रश्न घरात कुणी विचारलाय का? माझ्या सासूबाईंनी तो विचारला. त्यांनी विचारला म्हणून ऐकला गेला. मी विचारला असता तर 'बघा, आता नवऱ्याला कामाला लावते' झालं असतं. तुमच्या शब्दाला घरात जे वजन आहे, ते सुनेच्या शब्दाला यायला अजून वीस वर्षं लागतील.

माझं उलट आहे. माहेरी मला काडीही उचलू देत नाहीत. 27 वर्षांची आहे, अजून गॅस पेटवलेला नाही.

तेही बरोबर नाही, मग त्यामागे कितीही माया असली तरी. आईला सांगा, "तू नसशील तेव्हा मला कोण करून घालणार?" आईला हा प्रश्न रात्री छळतच असतो, फक्त ती बोलत नाही. एका कामापासून सुरुवात करा. कुकर लावा. वरण करपेल, हात भाजेल, आई धावत येईल. तिला दारातच थांबायला सांगा. अपंग मुलगा घरात असेल तर त्यालाही हेच लागू. त्याला आपलं ताट उचलायला आणि चादरीची घडी घालायला शिकवा.

मणक्याच्या इजेमुळे मी व्हीलचेअरवर आहे. बायको नोकरी करते. मी स्वयंपाक केला तर नातेवाईक हसतात.

ज्यांच्या पगारावर तुमच्या घरची चूल पेटत नाही, त्यांचं हसणं सोडून द्या. 30 किलोचा गॅस सिलिंडर तुम्हाला उचलता येत नाही याची लाज वाटते, असं तुमच्यासारखे बरेच जण सांगतात. सिलिंडर चाकांच्या स्टँडवर सरकतो. भाजी मात्र कुणीतरी करावीच लागते.

एक गोष्ट जिवाची म्हणून लिहिते. कमरेखाली संवेदना नसेल तर गरम भांडं, कुकर, चहाचा कप मांडीवर कधीही ठेवू नका. भाजलेलं कळत नाही आणि जखम महिनोन्महिने भरत नाही. मांडीवर कड असलेला लाकडी ट्रे घ्या, तोही फक्त थंड वस्तूंसाठी. आणि कामाच्या नादात बसून राहू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा पुढे-बाजूला झुकून बैठकीवरचा भार हलवा. दाबामुळे होणाऱ्या जखमांनी माणसं दगावतात.

सणवार आणि पाहुणे आले की सगळी घडी मोडते. काय करावं?

सणाच्या आधी महिनाभर ठरवा, आदल्या रात्री नाही. दिवाळीचे दोनच पदार्थ मी घरी करते, बाकीचा फराळ बचत गटाकडून येतो. उकडीचे मोदक जाऊबाई करतात आणि मी शेजारी बसून पाऱ्यांना कळ्या पाडते. हळदीकुंकवाला मी बसल्या जागेवरून वाण देते, बायका माझ्यापर्यंत येतात. खाली वाकून नमस्कार जमत नसेल तर हात जोडा. आशीर्वाद देणारं माणूस देतंच.

न सांगता आलेल्या पाहुण्यांना चहा घरातलं जे मोकळं असेल त्याने करायचा. पहिल्यांदा मुलाने चहा आणला तेव्हा पाहुण्या चमकल्या. आता सवयीचं झालंय.

मुलांना किती काम सांगावं?

घरातल्या मुलाला जेवढं सांगावं तेवढंच. आपलं ताट, आपलं दप्तर, एखादा घरचा वाटा. आईला अंघोळ घालणं, संडासला नेणं हे लहान मुलाच्या गळ्यात टाकू नका. शाळा बुडत असेल, खेळायला जात नसेल, तर ते थांबवाच.

कामाला बाई ठेवायला पैसे नाहीत. सरकारकडून काही मिळतं का?

घरकामाच्या बाईसाठी म्हणून थेट पैसे नाहीत, पण भार हलका करता येतो. आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा, तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमलेल्या सरकारी रुग्णालयात होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारची अपंगत्वं आहेत, आणि बहुतेक सवलतींना 40 टक्क्यांची अट आहे.

कॅलिपर, कुबड्या, व्हीलचेअर यांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येतो, त्याला उत्पन्नाची अट आहे. प्राप्तिकर भरत असाल तर जुन्या करपद्धतीत कलम 80यू खाली 75,000 रुपयांची वजावट मिळते, अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000 रुपयांची.

आणि जे फार थोड्यांना माहीत असतं ते: महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभ्या राहा, म्हणजे बसूनच पण मोठ्याने, आणि विचारा की या वर्षी ते पैसे कशावर खर्च झाले. लेखी उत्तर मागा.

टोमणे सहन करायचे की तक्रार करायची?

चिडून कुणी एखादा शब्द बोललं तर ते घरात सोडवा. पण अपंगत्वावरून रोज हिणवणं, उपाशी ठेवणं, कुबडी किंवा औषध लपवणं, तुमची पेन्शन काढून घेणं, माहेरी पाठवायची धमकी देणं, हा छळ आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 मध्ये शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. घर तुमच्या नावावर नसलं तरी तिथे राहायचा हक्क आहे. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे. 2016 च्या कायद्याच्या कलम 7 प्रमाणे अपंग व्यक्तीच्या छळाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे बहुतेक ठिकाणी तहसीलदाराला, कुणीही देऊ शकतं. शेजारीणसुद्धा.

मोबाइल हाताशी ठेवा, बँकेचं पासबुक आणि यूडीआयडी कार्डाची एक प्रत विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. तुमच्याकडून कुबडी कुणी काढून घेतली असेल तर आजच फोन करा. उद्याची वाट बघू नका.

लग्न ठरताना घरकामाबद्दल आधी बोलावं का?

हो, पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत, आणि मुलाशीच. 'ती सगळं करते हो' असं आपल्या आईवडिलांना सांगू देऊ नका. त्या वाक्याची किंमत पुढे तुम्ही फेडता.

तुमच्या घरी आता कोण काय करतं?

सकाळी सहाला नवरा पाणी भरतो आणि कणीक मळतो. मी स्टुलावर बसून बारा पोळ्या करते, मुलगा डबे भरतो. दळणाला आता कुणी जात नाही, मागच्या वर्षी घरघंटी घेतली. केर-लादीला मावशी येतात, त्यांचा पगार मी शिकवण्यांतून देते. दुपारी एक ते तीन मी झोपते आणि त्या वेळात दाराची बेल सासूबाई बघतात. कपडे वाळत घालायला छताला दोरीवर खाली-वर होणारे दांडे लावलेत. खाली ओढले की माझ्या खांद्याला येतात. शनिवारी भाकरी असते. ती मला उभ्याने थापता येत नाही आणि बसून नीट जमत नाही, म्हणून सासूबाई थापतात आणि मी तव्यावर पाणी फिरवून उलटते.